षष्ठीचा दाखला

नोव्हेंबर महिना उजाडला की आमच्या बँकेत दोन गोष्टी हमखास होतात. पंखा बंद करावा की चालू ठेवावा यावरून कॅशियर आणि शिपाई यांच्यात जुंपते, आणि गावातले तमाम पेन्शनर आपण जिवंत असल्याचे सिद्ध करायला रांग लावतात. या प्रकाराला 'हयातीचा दाखला' म्हणतात. माणूस समोर उभा आहे, खोकतो आहे, पेन मागतो आहे, घेतलेले पेन खिशात घालतो आहे. तरीसुद्धा तो जिवंत आहे हे आम्हांला कागदावर लागते. २०१४ सालापासून हा दाखला यंत्रावर बोट टेकवूनही देता येतो. पण चाळीस वर्षे नोकरी करून ज्यांच्या बोटांच्या रेषाच झिजल्या, त्यांना यंत्र जिवंत मानायला तयार होत नाही. म्हणून रांग आहे तिथेच आहे.

या रांगेत दर वर्षी पहिला नंबर आमच्या नानाकाकांचा. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पवईची आयआयटी १९५८ साली सोव्हिएत मदतीने उभी राहिली. तिथल्या वर्कशॉपमध्ये नाना चिकटले. यंत्रे रशियन, यंत्रांवरच्या पाट्या रशियन, सोबतच्या पुस्तिका रशियन. कुठले बटण दाबले की यंत्र सुरू होते आणि कुठले दाबले की बोट जाते एवढे समजावे, या माफक हेतूने नानांनी रशियन शिकायला घेतली. पुढे यंत्रे भंगारात गेली, १९९१ साली सोव्हिएत संघ गेला, नाना निवृत्त होऊन डोंबिवलीला आले. रशियन तेवढी त्यांच्याजवळ राहिली. बोटेही दहाच्या दहा राहिली, म्हणजे अभ्यास पक्का असणार.

मी कॉमर्सचा पदवीधर. नावे आणि जमा या दोन विभक्तींवर माझे आजवर भागले होते. पण नाना फॉर्म भरायला माझ्या टेबलाशी बसत आणि फॉर्म बाजूला राहून शिकवणी सुरू होई.

"हयातीचा दाखला," ते एकदा म्हणाले, "यात खरा दाखला कुठला? कसला दाखला, हे कशानं कळलं? 'चा'नं. चा-ची-चे काढून घे, तुझी बँक बंद पडेल."

मी सहज टेबलावर नजर टाकली. ठेवीची पावती, कर्जाचा हप्ता, चेकचे पुस्तक, साहेबांचा निरोप, शिपायाची रजा. नानांचे म्हणणे खरे होते. बँक पैशांवर चालते असा लोकांचा समज आहे. ती षष्ठीवर चालते.

"रशियनांचंही तसंच आहे," नाना म्हणाले. "फक्त त्यांचं उलटं चालतं."

उलटे म्हणजे असे. रशियनमध्ये घराला 'दोम' म्हणतात आणि भावाला 'ब्रात'. भावाचे घर म्हणजे 'दोम ब्राता'. आधी घर, मग भाऊ. आपण 'कारखान्याच्या मॅनेजरच्या बायकोच्या भावाचे घर' म्हणतो, तेव्हा घर येईपर्यंत ऐकणाऱ्याला चार घरे हिंडावी लागतात. रशियन माणूस घर आधी दाखवतो आणि मग मागाहून एकेक नातेवाईक बाहेर काढतो: घर, भावाचे, बायकोच्या, मॅनेजरच्या, कारखान्याच्या. सरकारी कागदांत ही साखळी इतकी लांबते, की चांगले रशियन शिकवणारी पुस्तके 'षष्ठीमागे षष्ठी जोडू नका' अशी ताकीद देतात. ताकीद अर्थातच सरकारी माणसे वाचत नाहीत. या बाबतीत दोन्ही देशांचे संबंध पूर्वीपासून सलोख्याचे आहेत.

दुसरा फरक चहाचा. आपण कॅन्टीनमध्ये 'चहाचा कप' म्हणतो. आता हा कप भरलेला की रिकामा? मराठीत कळायला मार्ग नाही, कपात डोकावावे लागते. रशियनांनी हा घोळ मिटवला आहे. चहा प्यायचा नुसता कप असेल तर चहाचे विशेषण करून 'चायनाया चाश्का' म्हणायचे, आणि कपात चहा असेल तर षष्ठी लावून 'चाश्का चाया'. विशेषण म्हणजे रिकामा, षष्ठी म्हणजे भरलेला! आमच्या कॅन्टीनवाल्याच्या चहाला मात्र कुठली विभक्ती लावावी हे रशियनांनाही सांगता येणार नाही.

तिसरी गंमत माणसाच्या गुणांची. 'उंचीचा माणूस' असे आपण म्हणत नाही, कारण काही ना काही उंची प्रत्येकालाच असते. 'बुटक्या उंचीचा' किंवा 'मध्यम उंचीचा' म्हणावे लागते. 'मनाचा माणूस' म्हणत नाही, 'मोठ्या मनाचा माणूस' म्हणतो. रशियनमध्येही नियम हाच. गुणाची षष्ठी एकटी फिरत नाही, बरोबर विशेषण लागतेच. अपवाद थोडे. त्यांतला एक 'चेलोवेक स्लोवा', म्हणजे शब्दाचा माणूस. शब्द पाळणाऱ्याला आणखी विशेषणाची गरज नाही असे रशियन व्याकरणाचे मत आहे. आम्ही मात्र शब्दाच्या माणसाकडूनही दोन जामीनदार घेतो.

इथवर मला वाटले, की आपल्यात आणि त्यांच्यात फारसे अंतर नाही. पण नानांनी पुढच्या नोव्हेंबरात मला पकडले.

"तू 'भावाचा घोडा' म्हणतोस, 'भावाची गाय' म्हणतोस, 'भावाचे घर' म्हणतोस. घोडा, गाय आणि घर पाहून तुझा 'चा' बदलतो. म्हणजे तो विशेषणासारखा वागतो. आजच्या रशियनमधला 'ब्राता' बदलत नाही. घोडा असो नाही तर गाय, त्याचं आपलं 'ब्राता'. आमच्या जुन्या हेडक्लार्कसारखा. पण पूर्वी तिकडेही आपल्यासारखंच होतं!"

आणि मग नानांनी मला जे सांगितले, त्यात पाचशे-हजार वर्षांचा रशिया येऊन गेला.

जुन्या रशियनमध्ये एकट्यादुकट्या मालकासाठी षष्ठी वापरण्याऐवजी मालकाच्या नावाचे चक्क विशेषण करीत. इवानचे घर म्हणजे 'इवानोव दोम', इवानची गाय 'इवानोवा', इवानचे खेडे 'इवानोवो'. थेट आपले चा-ची-चे. अकराव्या शतकात यारोस्लाव नावाच्या राजाने एक नगर वसवले असे सांगतात. त्याचे नाव पडले 'यारोस्लाव्ल', म्हणजे 'यारोस्लावचे'. काय यारोस्लावचे? नगर. तो शब्द गळला आणि मालकी तेवढी उरली. डोंबिवलीकराला हे समजावून सांगायला नको. फलाटावर आपण 'आठ-बाराची गेली का?' असेच विचारतो. गाडी हा शब्द उच्चारायला वेळ कुणाला असतो?

माणसांचेही तेच. गावात नवा पोरगा दिसला की आपल्याकडे म्हातारी माणसे विचारतात, "कुणाचा रे तू?" रशियन म्हातारेही हेच विचारीत. उत्तर यायचे, 'इवानोव', म्हणजे इवानचा. 'पेत्रोव', पेत्रचा. या उत्तरांची पुढे आडनावे झाली. १८६१ साली भूदासांची प्रथा रद्द झाली आणि लाखो शेतकऱ्यांना कागदोपत्री आडनावे लागू लागली, तेव्हा अशा 'ओव' आणि 'ईन'वाल्यांची गर्दी उसळली. काही भागांत, विशेषतः सायबेरियाकडे, तर खऱ्याखुऱ्या षष्ठीच्या अनेकवचनाचेच आडनाव झाले. 'चेर्निख' म्हणजे काळ्यांपैकी, 'सेदिख' म्हणजे पिकल्या केसांवाल्यांपैकी. आपल्याकडच्या काळ्यांना आणि पांढऱ्यांना तिकडे एवढे सोयरे असतील याची कल्पना नसेल.

बापाचे नाव लावण्यातही पायऱ्या होत्या. साध्या माणसाने 'इवानोव सिन', म्हणजे इवानचा मुलगा, म्हणवून घ्यायचे. 'इवानोविच' हा शेवटचा 'विच' बड्या लोकांचा. १६१० साली झार वासिली शुइस्कीने स्त्रोगानव नावाच्या गडगंज व्यापारी घराण्याला हा 'विच' लावायचा मान दिला. व्यापारी असून 'विच'! कॅथरीन दुसरीच्या काळात तर वरच्या हुद्द्यांना 'विच', मधल्यांना 'ओव' आणि खालच्यांना नुसतेच नाव अशी प्रतवारी होती. मला हे ऐकून हायसे वाटले. आमच्याकडेही साहेबांना 'साहेब', हेडक्लार्कला 'राव' आणि मला "अहो, जरा इकडे या" अशी प्रतवारी आहेच.

असला एक 'ईन' आपल्या कोकणातही येऊन गेला. त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितीन. निकितीन म्हणजे निकिताचा. वास्को द गामा १४९८ साली आला. हे गृहस्थ त्याच्या जवळजवळ पाव शतक आधी चौलला उतरले आणि तिथून जुन्नरला गेले. बरोबर विकायला एक घोडा. तो जुन्नरपर्यंत आणायला शंभर रुबल पडले, असा जमाखर्च त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. जुन्नरच्या खानाने तो घोडाच ठेवून घेतला. "धर्म बदल, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाही तर घोडाही माझा आणि तुझ्याकडून हजार मोहराही माझ्या." मुदत चार दिवसांची. एवढी कडक मुदत आमच्या वसुली विभागालाही जमलेली नाही. शेवटी महंमद नावाच्या एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली आणि अफनासीचा घोडा अफनासीला मिळाला. नाना म्हणत, "चा-ची-चेला व्याकरण समजू नकोस. घोडा कुणाचा, या एका प्रश्नात त्या माणसाचा जीव आणि धर्म दोन्ही अडकले होते."

मग हे 'ओव' आणि 'ईन' मागे पडून षष्ठी पुढे कशी आली? तर मालक एका शब्दाचा असेतोवर विशेषणाने निभावते. 'बापाचे घर' जमते. पण 'माझ्या म्हाताऱ्या बापाचे घर' म्हणायचे झाले, की एवढ्या लवाजम्याचे विशेषण होत नाही. तिथे पहिल्यापासूनच षष्ठी लागे. पुष्किनच्या १८३६ सालच्या कादंबरीचे नाव 'कापितान्स्काया दोच्का', कप्तानाची मुलगी. तिथे कप्तानाचे विशेषण केले आहे, कारण कप्तान एकटा आहे. लेर्मोंतोवची १८४० सालची कादंबरी 'गेरोय नाशेवो व्रेमेनी', आमच्या काळाचा नायक. तिथे 'काळ' एकटा नाही, 'आमचा' त्याला चिकटलेला आहे, म्हणून षष्ठी. दिवसेंदिवस लवाजम्याचे मालक वाढत गेले आणि षष्ठी जिंकली. विशेषण उरले ते घरात. 'मामिन', 'पापिन', 'बाबुश्किन', म्हणजे आईचा, बाबांचा, आजीचा. रशियन मूल आजही आईच्या पिशवीला विशेषणच लावते. ऑफिसात षष्ठी, घरात माया.

या षष्ठीचे रशियन नाव 'रोदीतेल्नी'. 'रोदीतेली' म्हणजे आईवडील, तेव्हा ही आईबापांची विभक्ती. स्मोत्रित्स्की नावाच्या पंडिताच्या १६१९ सालच्या व्याकरणातही ती याच नावाने आहे. पण तिच्या जन्माच्या दाखल्यात घोळ आहे. लांडग्याला रशियनमध्ये 'वोल्क' म्हणतात, आपला संस्कृत 'वृक'. लांडग्याचा म्हणजे 'वोल्का'. तो शेवटचा 'आ' कुठला? तर 'वृकात्' मधला! म्हणजे मूळची पंचमी, 'लांडग्यापासून'. स्लाव लोकांनी हजारो वर्षांपूर्वी पंचमीच्या खात्यातली रक्कम षष्ठीच्या खात्यात वर्ग केली, आणि ऑडिटरला ती सापडली एकोणिसाव्या शतकात. तोवर खाते कधीच जुळले होते.

१९१७च्या क्रांतीनंतर षष्ठीचे दिवस फिरले. बोल्शेविकांनी जमीनदारांची मालकी काढून घेतली आणि मालकीची विभक्ती मात्र गल्लोगल्ली लावली. लेनिनचा रस्ता, क्रांतीचा चौक, श्रमाचा वीर. एखादी गोष्ट नुसती लेनिनची म्हणायचे नसेल, तर 'इमेनी', म्हणजे 'नावाची', असा शब्द घालायचा. हा 'इमेनी'सुद्धा षष्ठी, पुढचे नावही षष्ठी. मॉस्कोची भुयारी रेल्वे १९३५ साली सुरू झाली ती 'कगानोविचच्या नावाची'. १९५५ साली ती झाली 'लेनिनच्या नावाची'. मोटारींचा कारखाना स्टालिनच्या नावाचा होता, तो १९५६ साली लिखाच्योवच्या नावाचा झाला. रेल्वे तीच, कारखाना तोच, षष्ठी मात्र बदलली. पाट्या रंगवणाऱ्यांची त्या काळात चैन असणार.

सगळ्यांत मोठी षष्ठी खुद्द देशाच्या नावात होती. ३० डिसेंबर १९२२ रोजी स्थापन झालेला संघ कशाचा? सोव्हिएत समाजवादी प्रजासत्ताकांचा. प्रथमेत एकटा 'संघ', पुढचे तिन्ही शब्द षष्ठीचे अनेकवचन. १९९१ साली पंधराही प्रजासत्ताके उठून गेली. आता नुसता संघ राहून करणार काय? तोही गेला. पण सवय जात नाही. त्याच डिसेंबरात त्यांतल्या बऱ्याच जणांनी नवी मंडळी काढली, तिचे नाव 'स्वतंत्र राष्ट्रांचा राष्ट्रकुल'. पुन्हा षष्ठी, पुन्हा अनेकवचन.

कॅशियरच्या दृष्टीने रशियन षष्ठी म्हणजे शिक्षाच. एक 'रुब्ल', ही प्रथमा. दोन, तीन, चार 'रुब्ल्या', ही षष्ठीच्या एकवचनासारखी, खरी जुन्या द्विवचनाची उरलेली खूण. दोनाचे पाहून तीन आणि चारही त्या रांगेत घुसले. पाचापासून 'रुब्लेय', षष्ठीचे अनेकवचन, कारण 'पाच' हा शब्द मूळचा नाम. रुपयांचे पंचक म्हणावे तसे ते 'रुबलांचे पाच'. वीसपर्यंत असेच. आणि एकविसाला पुन्हा 'रुब्ल', एकवचन! एकवीस रुबल हा एकच रुबल? मी हे आमच्या कॅशियरला सांगितले. तो दिवसभर गप्प होता आणि संध्याकाळी त्याची कॅश एकवीस रुपयांनी कमी भरली.

"नाना," मी म्हणालो, "हे सगळं ठीक. पण तुमचा हयातीचा दाखला अजून कोराच आहे. सही करायला डॉक्टर आणू का?"

"डॉक्टर झिवागोला बोलाव," नाना म्हणाले. "पास्तरनाकची १९५७ सालची कादंबरी. 'झिवागो' म्हणजे जिवंताचा. आडनावच षष्ठीत. आज 'झिवोवो' म्हणतात, आणि लिहिताना 'व'च्या जागी 'ग' लिहितात. १९१८ साली स्पेलिंग सुधारली, 'आगो'चं 'ओगो' केलं, पण आडनावं जुनीच राहिली. तुझ्या दाखल्यावर यापेक्षा योग्य सही कुणाची?"

ते उठले. माझे पेन त्यांच्या खिशात गेलेले मी पाहिले. बोललो नाही.

आणि मग जाता जाता, दारातून परत येऊन, त्यांनी मला शेवटची गोष्ट सांगितली. "एक राहिलंच. रशियनमध्ये जे आहे ते प्रथमेत. जे नाही ते षष्ठीत. पैसे आहेत, प्रथमा. 'न्येत देनेग', पैसे नाहीत, षष्ठी. वडील घरी आहेत, प्रथमा. घरी नाहीत, षष्ठी. नसलेली वस्तू कुणाच्या तरी नावावर टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही."

हे २०२३ सालच्या नोव्हेंबरात. पुढच्या मार्चमध्ये नाना गेले. चौऱ्याऐंशी पूर्ण होऊन गेले, झोपेत गेले, कुणाला काही करायला लावले नाही. काकू आधीच गेल्या होत्या. मूलबाळ नव्हते. खात्यावर वारस म्हणून माझे नाव होते.

मी वीस वर्षे लोकांना हे फॉर्म देत आलो. 'मयताचे नाव', 'मयताचे खाते', 'मयताशी नाते'. काउंटरच्या पलीकडे बसून तोच फॉर्म भरताना माझ्या लक्षात आले, की त्या सबंध कागदावर नाना कुठेही प्रथमेत नव्हते. नानांचे पेन्शन. नानांचा पत्ता. नानांची सही, नमुन्याबरहुकूम. चा-ची-चे सगळे होते, नाना तेवढे नव्हते. नाही त्याची षष्ठी, हे मला इतके दिवस नुसते पाठ होते.

नानांच्या पत्र्याच्या ट्रंकेत रशियन शिकायचे जाडजूड सोव्हिएत पुस्तक निघाले, आणि त्याच्याबरोबर शंभर पानी वही. 'न्येत'च्या धड्यावर नानांनी निळ्या शाईत वाक्ये लिहिली होती. साखर नाही. वेळ नाही. पगार नाही. आणि सगळ्यांत खाली, बहुधा स्वतःच्या मनाने, 'मला मुलगा नाही.' षष्ठी बिनचूक होती. नानांनी शिकवलेले मला तेवढे वाचता आले. त्याखाली बॉलपेनने, हात थरथरत असतानाच्या अक्षरात, पुष्कळ वर्षांनी लिहिलेले दिसत होते, 'मला पुतण्या आहे.' तिथे प्रथमा होती.

मी वही मिटली. रशियन व्याकरणात देह म्हणजे 'त्रूप' हा निर्जीव धरतात, पण 'पकोयनिक', म्हणजे गेलेला माणूस, सजीव धरतात. कर्म म्हणून आला तर त्यालाही जिवंत माणसासारखीच षष्ठीची रूपे देतात. आमच्या बँकेने अशी सोय अजून केलेली नाही.

ट्रंकेच्या तळाशी रबरबँड लावलेला पेनांचा एक गठ्ठा होता. अकरा पेने. प्रत्येकाच्या शेपटीला आमच्या काउंटरवरचा तुटका दोरा लोंबत होता. बँकेची पेने. दुसऱ्या दिवशी त्यांतली दहा मी काउंटरवर नेऊन ठेवली. एक माझ्या खिशात आहे. ते नानांचे.